नळाच्या पाण्याची तुरटी आणि शेतात येणारा गाळ



उसाच्या लागणीआधी हेक्टरी २५ ते ३० टन चांगले कुजलेले शेणखत घालावे, अशी शिफारस आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. पण गोठ्यातली जनावरे कमी झाली, ट्रॅक्टर आला, आणि शेणखताची ट्रॉली मिळणे मुश्किल झाले. प्रेसमड सर्वांना पुरत नाही. अशा वेळी शहरातल्या सांडपाण्याचा वाळलेला गाळ किंवा संडासाच्या टाक्या उपसून आणलेला गाळ स्वस्तात बांधापर्यंत येतो आणि मन होते की टाकून बघू. गाळात सेंद्रिय पदार्थ आहे, नत्र आहे, स्फुरद आहे, हे खरेच. पण त्यात काही धातूही असतात. जस्त, तांबे, शिसे, कॅडमियम, निकेल ही त्यांची नावे.

हे धातू कारखान्याच्या रासायनिक पाण्यातून येतात असे आपण समजतो, आणि आपल्या गावात तर तसला कारखाना नाही म्हणून निर्धास्त राहतो. ते अर्धेच खरे आहे. जिथे मोठे उद्योग नाहीत तिथल्या गाळातही तांबे आणि जस्त सापडते. त्याचा एक मोठा हिस्सा येतो आपल्याच घरच्या नळातून. आणि नळातून किती धातू यायचा, हे पुष्कळसे ठरते पाणी शुद्ध करताना त्यात काय घातले यावरून. पिण्याच्या पाण्याची टाकी एका टोकाला, आपले शेत दुसऱ्या टोकाला. या दोघांचा संबंध कसा, तो या लेखात पाहू.

रस निवळतो तसे पाणी निवळते

पाणी शुद्ध कसे करतात हे ऊस उत्पादकाला समजावून सांगणे सोपे आहे, कारण आपल्या कारखान्यातही तीच तऱ्हा आहे. गिरणीतून आलेला रस गढूळ असतो. त्यात चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर सोडला की गढूळपणा गोळा होतो आणि तळाशी बसतो. वरचा स्वच्छ रस पुढे जातो, खालचा गाळ गाळून त्याचा प्रेसमड होतो. म्हणजे निवळवण्यासाठी जे घातले त्याचा मोठा भाग प्रेसमडमध्ये उतरतो. म्हणूनच कार्बोनेशन पद्धतीच्या कारखान्याचा प्रेसमड चुनखडीने भरलेला असतो आणि आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीला मानवत नाही. सल्फिटेशन पद्धतीचा मानवतो. ऊस तोच, रस तोच. फक्त निवळवण्याची रीत बदलली की खताचा गुण बदलला.

पाण्याचेही तसेच. आपल्या आया-आज्या हंड्यात निवळीची बी उगाळायच्या किंवा तुरटीचा खडा फिरवायच्या. जलशुद्धीकरण केंद्रात तीच तुरटी टनांनी लागते. पाण्यात तुरटी पडली की तिच्यातल्या ॲल्युमिनियमचा कापसासारखा साका तयार होतो, मातीचे कण त्याला चिकटतात आणि तळाशी बसतात. मग वाळूच्या थरातून पाणी गाळतात, क्लोरीन देतात आणि टाकीत चढवतात. लहान गावात विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात नुसती टी.सी.एल. पावडर टाकून काम भागवतात. नंदुरबार शहराला विरचक धरणाचे पाणी येते. धरणाचे किंवा नदीचे पाणी पावसाळ्यात लाल-गढूळ झाले की तुरटीची मात्रा वाढवावी लागते, हे पाणीपुरवठ्याच्या कोणत्याही कर्मचाऱ्याला विचारले तरी तो सांगेल.

तुरटी पाण्याची ताकद खाते

आता मुद्द्याची गोष्ट. तुरटी आम्लधर्मी आहे. पाण्यात बायकार्बोनेटचे क्षार विरघळलेले असतात, ते आम्ल पचवतात. तुरटी पडली की हे क्षार खर्ची पडतात. ढोबळ हिशेब असा की दोन भाग तुरटीला एक भाग क्षार लागतो. लिटरला ६० मिलिग्रॅम तुरटी घातली तर ३० मिलिग्रॅम क्षार संपले. पाण्यात क्षार भरपूर असतील तर काही बिघडत नाही. पण पाणी मुळात हलके असेल तर त्याचा सामू खाली येतो. सामू एक अंकाने उतरला म्हणजे आम्लता दहापट झाली, हे माती परीक्षणाच्या कागदावर सामू पाहणाऱ्या सभासदांना ठाऊक आहे. क्लोरीन वायू दिला तर सामू आणखी थोडा उतरतो. टी.सी.एल. पावडर मात्र चुन्याची असल्याने उलट किंचित वर चढवते.

असे हलके, आम्लाकडे झुकलेले पाणी भुकेलेले असते. वाटेत जे भेटेल ते खाते. वाटेत काय भेटते? जी.आय. पाइपाचे जस्त, पितळी तोटीतले तांबे, जस्त आणि शिसे, जुन्या सांध्यांच्या डाकाचे शिसे. जी.आय. पाइपावरच्या जस्ताच्या मुलाम्यात थोडे शिसे आणि कॅडमियम अशुद्धी म्हणून असते, तेही जस्ताबरोबर सुटते. काही पी.व्ही.सी. पाइपांत टिकाऊपणासाठी शिशाचे संयुग वापरले जात असे. त्याला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले.

रात्रभर पाणी पाइपात थांबले की हा धातू जास्त उतरतो. म्हणून सकाळची पहिली घागर पिण्याला न घेता धुण्या-भांड्याला वापरावी, हे सांगणे शहाणपणाचे आहे. पण ती घागर मोरीतून गेली तरी धातू कुठे गेला? गटारात. गटारातून गाळात. घरच्या माणसाला वाचवले, पण धातू वाया गेला नाही, फक्त पत्ता बदलला.

आपल्याकडची एक जमेची बाजू आहे. तापी खोऱ्यातले पाणी काळ्या पाषाणातून आणि चुनखडीच्या मातीतून येते, त्यामुळे ते साधारणपणे क्षारयुक्त आणि जड असते. ते पाइपाला आतून पातळ पुट चढवते आणि धातू कमी खाते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या तलावांचे आणि कोकणातल्या जांभ्याचे पाणी याहून हलके. पण आपणही गाफील राहू नये, कारण पावसाळ्यात दोन गोष्टी एकदम होतात. पुराच्या पाण्याने नदीचे क्षार पातळ होतात आणि त्याच वेळी तुरटीची मात्रा वाढते. ताकद कमी आणि खर्च जास्त, अशी स्थिती त्या चार महिन्यांत येते.

दहा लाख लिटरचा हिशेब

आता आकडे मांडून बघू. हे आकडे एखाद्या ठराविक गावाचे नाहीत, समजण्यासाठी धरले आहेत. पण प्रमाण सर्वसाधारण आहे.

दहा लाख लिटर घरगुती सांडपाणी शुद्ध केले तर साधारण २०० किलो कोरडा गाळ निघतो. सांडपाण्यातले जंतू आणि सेंद्रिय कण धातूंना धरून ठेवतात, त्यामुळे आलेल्या तांब्याचा आणि शिशाचा ढोबळमानाने ८० टक्के, जस्ताचा ७० टक्के भाग गाळात बसतो. पाणी पुढे स्वच्छ होऊन जाते, धातू मागे राहतो. रस आटवला की सगळा क्षार गुळात दाटतो, तसेच हे.

शहरी कंपोस्टात किती धातू चालतो याच्या मर्यादा केंद्र सरकारच्या १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात दिल्या आहेत. किलोला मिलिग्रॅममध्ये त्या अशा: जस्त १०००, तांबे ३००, शिसे १००, निकेल ५०, क्रोमियम ५०, आर्सेनिक १०, कॅडमियम ५ आणि पारा ०.१५. गाळ तोलायला आपण हेच माप घेऊ.

आधी तांबे. नळाच्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅम तांबे उतरले असे धरा. दहा लाख लिटरमध्ये ते १०० ग्रॅम होते. त्यातले ८० ग्रॅम गाळात. २०० किलो गाळात ८० ग्रॅम म्हणजे किलोला ४०० मिलिग्रॅम. मर्यादा ३०० ची. गाळ नापास!

मग जस्त. लिटरला अर्धा मिलिग्रॅम जस्त उतरले तर दहा लाख लिटरला ५०० ग्रॅम. त्यातले ३५० ग्रॅम गाळात, म्हणजे किलोला १७५० मिलिग्रॅम. मर्यादा १००० ची. पुन्हा नापास. आणि गंमत पाहा, भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात जस्त लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. म्हणजे पिण्याला पूर्ण पास असलेले पाणी दहापट कमी जस्त असूनही गाळाला नापास करू शकते.

शिशाचे याहून वेगळे. पिण्याच्या पाण्यातली त्याची मर्यादा फार कडक आहे, लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. तेवढे शिसे असेल तर गाळात किलोला ४० मिलिग्रॅम होते, हे १०० च्या आत बसते. पण पाण्यातले शिसे तिप्पट झाले तर गाळ १२० वर जातो.

हा झाला ताज्या गाळाचा हिशेब, आणि तोही फक्त नळाच्या धातूचा. गॅरेज, मुलामा देणारी दुकाने आणि इतर धंदे यांची भर वेगळी. शिवाय गाळ कुजवला की सेंद्रिय भाग घटतो, धातू घटत नाही. म्हणून चांगला कुजलेला गाळ वासाला बरा, पण धातूला अधिक दाट असतो.

परदेशातले दोन दाखले

हे सगळे कागदावरचेच आहे का? नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचे शहर आहे. एप्रिल २०१४ मध्ये तिथल्या कारभाऱ्यांनी खर्च वाचवण्यासाठी डेट्रॉइटहून येणारे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी सुरू केले. आधीच्या पाण्यात पाइप खाऊ नये म्हणून फॉस्फेट घातलेले असे. नव्या पाण्यात ते घातले नाही. पाइपातले शिसे सुटले आणि लोकांच्या घरात पोचले. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर गेले. पुढे संशोधकांनी तिथल्या सांडपाणी केंद्राच्या गाळाच्या नेहमीच्या तपासणीच्या नोंदी काढून अभ्यास केला आणि तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. नळाच्या पाण्यात शिसे वाढले त्या काळात गाळातही शिसे वाढलेले त्यांना आढळले. म्हणजे गावाच्या पाण्याचे काय बिनसले हे गाळानेच लिहून ठेवले होते, वाचणारे नव्हते इतकेच.

दुसरा दाखला वॉशिंग्टन शहराचा. २००० साली तिथे क्लोरीनऐवजी क्लोरामाइन हे औषध वापरू लागले. जंतू मारण्याचे काम नीट झाले, पण शिशाच्या पाइपांवरचे जुने पुट सुटू लागले आणि पुढच्या तीन-चार वर्षांत नळाला शिसे वाढले. २००४ साली फॉस्फेट द्यायला लागले तेव्हा ते आटोक्यात आले. औषध बदलताना पाइपाचाही विचार करावा लागतो, हा धडा.

उपायालाही दुसरी बाजू

मग उपाय काय? पहिला उपाय चुन्याचा. तुरटीनंतर पाण्याला मोजून चुना दिला की सामू पुन्हा वर येतो आणि पाण्याची भूक भागते. तुरटीऐवजी पॉली ॲल्युमिनियम क्लोराईड वापरले तर क्षार कमी खर्ची पडतात. पिणाऱ्याला धातू कमी, गाळालाही कमी. असा दुहेरी फायदा देणारा दुसरा स्वस्त उपाय नाही.

दुसरा उपाय फॉस्फेटचा. त्याने पाइपाच्या आत न विरघळणारे पुट बसते. इंग्लंडमध्ये बहुतेक शहरांच्या पाण्याला शिशासाठी फॉस्फेट देतात. त्याने शिसे घटते आणि फॉस्फेटचा बराचसा भाग गाळात स्फुरद म्हणून उतरतो. पण काही ठिकाणी जस्तयुक्त फॉस्फेट वापरले जाते. तिथे शिसे आणि तांबे कमी होते, मात्र घातलेले जस्त गाळात जाऊन बसते. एक काटा काढताना दुसरा रुतला.

तिसरी गोष्ट जलशुद्धीकरण केंद्राच्या स्वतःच्या गाळाची. तुरटीचा साका तळाशी बसतो तो कुठे टाकायचा? दहा लाख लिटरला ५० किलो तुरटी लागली तर नदीच्या मातीखेरीज नुसत्या तुरटीचाच १३ किलोच्या आसपास कोरडा साका होतो. तो गटारात सोडला तर सांडपाण्याच्या गाळात ॲल्युमिनियम वाढते. आपल्या जमिनीचा सामू ७.५ ते ८.५ च्या घरात असतो. एवढ्या सामूला ॲल्युमिनियम मुळांना विषारी होत नाही, तो त्रास आंबट जमिनीत. पण ॲल्युमिनियमचा साका स्फुरदाला घट्ट धरतो. पिशवीवर स्फुरद दिसतो, पिकाला मिळत नाही, असा प्रकार होतो. दुसरीकडे हाच साका शिसे आणि आर्सेनिकही धरून ठेवतो, म्हणून तो सर्वस्वी वाईटही नाही. मुद्दा इतकाच की घेणाऱ्याला ते माहीत असावे.

जमिनीत काय होते

समजा, वर सांगितलेला जस्ताचा गाळ हेक्टरी ५ टन टाकला. त्यातून पावणेनऊ किलो जस्त गेले. हेक्टरी २० किलो झिंक सल्फेट टाकतो तेव्हा साधारण ४ किलो जस्त जाते. म्हणजे दुपटीहून जास्त झाले. आपल्या चुनखडीच्या जमिनीत जस्ताची कमतरता पुष्कळ ठिकाणी आढळते, तेव्हा एक वेळ हे पथ्यावरही पडेल. पण दर लागणीला टाकत गेलो तर साचत जाते.

शिशाचे बघा. किलोला १२० मिलिग्रॅम शिशाचा ५ टन गाळ म्हणजे हेक्टरी ६०० ग्रॅम शिसे. वरच्या वीतभर मातीचे वजन हेक्टरी २२ लाख किलोच्या आसपास. एका वेळेला किलोला पाव मिलिग्रॅमच्या वर थोडी भर पडते. ही भर लहान आहे, घाबरण्याजोगी नाही. पण नत्र पिकाबरोबर जाते, पालाश जातो, शिसे जात नाही. बापाने टाकलेले नातवाच्या शेतात तसेच असते.

काळ्या जमिनीचा जादा सामू आणि तिची चिकणमाती धातूंना बांधून ठेवते, हे आपले मोठे नशीब. ऊस या धातूंपैकी फार थोडा भाग वर घेतो. पण कॅडमियम हा त्यातल्या त्यात चपळ धातू आहे, आणि पालक-मेथीसारख्या पालेभाज्या तो सहज उचलतात. आपल्याकडे उसाचा खोडवा मोडला की त्या रानात मिरची येते, केळी-पपई येते, घरापुरता भाजीपालाही होतो. ऊस चालवून घेईल ते भाजी चालवून घेईलच असे नाही.

सभासदांनी काय करावे

१. गाळ घेण्याआधी प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. त्यात नत्र, स्फुरद, पालाश यांच्याबरोबर वर सांगितलेले आठ धातू असलेच पाहिजेत. अहवाल नसेल तर फुकट मिळाला तरी गाळ घेऊ नये.

२. अहवाल कोणत्या महिन्याच्या गाळाचा आहे ते बघावे. उन्हाळ्याचा अहवाल दाखवून पावसाळ्याचा गाळ येत असेल तर तो अहवाल कामाचा नाही.

३. गाळ कोणत्या गटात, किती, कोणत्या साली टाकला याची वहीत नोंद ठेवावी. दर लागणीला त्याच गटात टाकू नये. दर तीन-चार वर्षांनी माती परीक्षणात सूक्ष्म अन्नद्रव्येही तपासून घ्यावीत. यासाठी कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेता येईल.

४. भाजीपाल्याच्या रानात आणि विहिरीच्या काठाला गाळ टाकू नये. न कुजलेला गाळ हाताने पसरू नये, कारण धातूंआधी त्यातले रोगजंतू आणि जंतांची अंडी बाधतात.

५. जे सभासद ग्रामपंचायतीत, पाणी समितीत किंवा नगरपालिकेत आहेत त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. तुरटी दिल्यानंतर पाण्याचा सामू रोज मोजला जातो का? पावसाळ्यात तुरटीची मात्रा अंदाजाने देतात की काचेच्या भांड्यांत चाचणी करून? आणि केंद्राचा स्वतःचा गाळ कुठे सोडतात? पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ च्या आत असावा असे मानक सांगते. त्यातही तो ७.५ च्या वर राहिला तर पाइपाला बरे.

६. घरच्या नळाचा जुना गंजका जी.आय. पाइप बदलायचा असेल तर शिसेविरहित असल्याचे पाहूनच पाइप घ्यावा.

थोडक्यात सांगायचे तर आडात असेल तेच पोहऱ्यात येते. फरक एवढाच की इथे आड म्हणजे गावाची पाण्याची टाकी, आणि पोहरा म्हणजे आपल्या बांधावर आलेली गाळाची ट्रॉली. शहरातले पाणी नीट राखले तर शहराच्या माणसाचेही भले आणि आपल्या मातीचेही. हंगाम एक वर्षाचा असतो, जमीन पिढ्यांची असते. खताच्या पिशवीवरचा नत्राचा आकडा आपण जसा वाचतो, तसा धातूंचा आकडाही वाचायची सवय सर्व सभासदांनी लावून घ्यावी, ही विनंती.